निळा ठिपका

मारोतरावांनी भिलाईत जन्मभर लोखंड वितळवलं. त्यांची लेक गीतांजली मात्र एर्बियम या धातूचे अणू लेसरनं थंड करून चुंबकाच्या सापळ्यात पकडायची. आज सापळा पहिल्यांदाच टिकला, म्हणून तिनं बाबांना कोहक्याच्या घरून प्रयोगशाळेत आणलं.

पडद्यावर अणूंचा निळा ठिपका चमकत होता. बाबांचे डोळे भरून आले. "माह्या पोरीनं केलं हे!"

ठिपका मात्र हृदयासारखा धडधडू लागला. गीतांजलीनं चुंबकाचा वीजप्रवाह पाहिला. तो स्थिर होता. न राहवून तिनं बाबांचं मनगट धरलं. नाडी आणि ठिपका एकाच ठेक्यात चालले होते.

बाबांना ठसका लागला. नाडीचा एक ठोका चुकला. ठिपका विझून पुन्हा उजळला.

"चाल बेटा, तुह्या मायले सांगू," बाबा अभिमानानं म्हणाले. "पण हे बंद कराचा मान मले दे."

त्यांचं बोट लेसरच्या बटणावर टेकलं होतं.