सूज कधीपासून

"डोळ्यात थेंब घातले कोणी? हिनेच ना?" नवरा म्हणाला. "मग त्यात काय होतं तेही हिलाच विचारा."

डॉक्टरबाईंनी त्याची मान मागे कलवली आणि वरून, कपाळाच्या रेषेत पाहिलं. उजवा डोळा खोबणीतून चांगलाच पुढे आला होता. तो वर वळत नव्हता, त्यामुळे समोरची बायको त्याला दोन-दोन दिसत होती. एकीवरच भरवसा नव्हता, तिथे दोन म्हणजे जिवाला घोरच.

इतक्यात फोन वाजला. त्याच्या शर्टाच्या खिशात दोन फोन होते. वाजला तो पिवळ्या फुलांच्या कव्हरचा. त्याने 'ताई' हे नाव वाचलं, फोन कट केला आणि बायकोकडे रोखून पाहिलं. ती खाली बघत राहिली.

मग तो नर्सबरोबर तपासणीसाठी रक्त द्यायला गेला, तोही दार उघडं टाकून. बाईंनी ते लोटून घेतलं आणि तिला स्कॅन दाखवला. डोळ्यामागची सूज हाडापलीकडे, मेंदूच्या आवरणापर्यंत पोचली होती. असा आजार क्वचितच दिसतो, आणि त्याच्यासारखे दिसणारे दुसरे वाईट आजारही आहेत. तुकडा काढून तपासल्याशिवाय नाव देता येणार नाही. सूज कधीपासूनची, हेही कळायला हवं. घरच्यांना रोजच्या चेहऱ्यातला फरक कळत नाही, म्हणून तर जुने फोटो मागवले होते.

बायकोला विचारायचं होतं ते वेगळंच. "मेंदूला सूज आली की माणूस संशय घेतो का हो?"

"घेऊ शकतो. स्वभाव पार बदललेले पेशंट पाहिलेत मी."

"आणि सूज उतरली की?"

"पुष्कळदा पहिल्यासारखे होतात."

आत आल्यापासून ती पहिल्यांदाच खुर्चीला टेकून बसली. मग बोलतच सुटली. हे मुळात असे नव्हतेच. बाहेरून कुलूप लावून जाणं, दुकानदाराशी काय बोललीस म्हणून खोदून विचारणं, माझा फोन स्वतःजवळ ठेवणं, सगळं या दुखण्यापासूनचं. ताई म्हणते, खोली रिकामी करून ठेवलीय, निघून ये. पण आजारी माणसाला टाकून कसं जायचं? तिचा चेहरा इतका उजळला होता की बाईंनाही बरं वाटलं.

बाईंनी फोटो टेबलावर ओळीने मांडले आणि भिंग घेतलं. भाच्याच्या लग्नात उजवी पापणी किंचित वर ओढलेली होती. त्याआधीचा फोटो नव्या घराच्या दारातला, दोघं शेजारी शेजारी उभे. त्यात दोन्ही डोळे अगदी सारखे होते.

"म्हणजे सूज घर घेतल्यानंतरची," बाई म्हणाल्या.

"तो घराचा फोटो परत बघता का?"

बाईंनी परत पाहिला. डोळा ठीकच होता. भिंग बाजूला घेताना ते फोटोतल्या नवऱ्याच्या खिशावरून गेलं आणि तिथेच थांबलं. खिशात दोन फोन होते. एकाच्या कव्हरवर पिवळी फुलं होती.

बाईंनी मान वर केली. बायको फोटोकडे बघत नव्हती, त्यांच्याकडे बघत होती.

"नीट बघा ना, डॉक्टर," ती हळूच म्हणाली. "थोडी तरी असेल सूज."

बाहेरच्या बाकावर, नवऱ्याच्या खिशात, फोन वाजला आणि लगेच बंद झाला.