चोपणं

पहिला घाव खांद्यावर बसला आणि मितेशच्या हातातला पाना उडून भिंतीवर आदळला. दुसरा कानाजवळून गेला. तिसरा चुकवायला तो मागे सरकला तर पाठीशी कामाचं बाकडं आलं. काळुरामनं त्याचा उजवा हात मनगटात पकडला आणि त्या बाकड्यावर दाबून धरला.

काळुराम साठी ओलांडलेला. पण सगळा जन्म मिठागरात गेलेला माणूस, त्याची पकड कसली सुटते! दुसऱ्या हातात चोपणं होतं, मिठागराचे वाफे चोपून सपाट करायचं, जाड लाकडाचं. त्याच्या घरी अवजारं सगळी लाकडाचीच. खाऱ्या पाण्यात लोखंड टिकत नाही, हे बापानं त्याला चालता येऊ लागल्याबरोबर शिकवलं होतं, आणि पुढे त्यानं ते आपल्या पोराला, विशालला शिकवलं.

शेजारचा चहाटपरीवाला किटली हातात घेऊनच दोन पावलं पुढे आला. काळुरामनं नुसती मान वळवली. टपरीवाला चार पावलं मागे गेला.

“माझ्या पोराचा पाय कापला,” काळुराम म्हणाला. “गुडघ्याखाली. सकाळीच. आता तुझा ह्यो हात जाईल. याच हातानं गाडीचा ब्रेक दुरुस्त केलास ना?”

विशाल रोह्याजवळ धाटावच्या एका कंपनीत कामाला होता. पेणहून रोज घरच्या गाडीनं जायचा. काल खांब गावाजवळ पुढचा टँकर एकदम थांबला. विशालनं ब्रेक दाबला, तर पेडल सरळ खाली जाऊन टेकलं. त्यानं गाडी बाजूला घातली. ती मोरीच्या कठड्यावर आदळली आणि कठडा दारातून आत आला. चौदा वर्षांची गाडी ती, तिच्यात उरलं होतं काय! आता ती मितेशच्या गॅरेजमध्ये जॅकवर उभी होती. सीटवरचं रक्त काळं पडलं होतं. मागे मिठाची तीन पोती तशीच होती, एक फुटलेलं.

काळुरामचं मीठ रोह्याला जायचं. विशाल सकाळी वाफ्यावरची ओली पोती गाडीत टाकायचा आणि शिफ्ट सुटली की रोह्याच्या दुकानात नेऊन द्यायचा. तिथं काळुराम स्वतः गेला की लोक गंमत म्हणून त्याच्या तळहातावर चिमूटभर मीठ ठेवायचे. तो जिभेला लावायचा आणि “माझं हाय” नाहीतर “माझं नाय” एवढंच बोलायचा. अजून एकदाही चुकला नव्हता. त्याचा त्याला केवढा तोरा!

या गाडीनं मितेशला वर्षभर छळलं होतं. ब्रेक ऑइल कमी व्हायचं. त्यानं वॉशर बदलले, सिलिंडर बदलला, गणपतीच्या आधी मागचा पाइपही नवा टाकला. तरी ऑइल कमी. गाडी गॅरेजला यायची ती मात्र नवरीसारखी न्हाऊन. दुसऱ्याच्या दारात घाणेरडी गाडी न्यायची नाही, असा काळुरामचा दंडक. पोती उतरवून, आतल्या चटईवरसुद्धा पाणी मारून मगच तो ती पाठवायचा, त्यामुळे तिच्यातून काय वाहतात ते मितेशला कधी दिसलं नाही. शनिवारी मितेशनं जोड आवळला, ऑइल भरलं, ब्रेकमधली हवा काढली आणि चावी विशालला दिली. पाइप नवा आहे म्हणून त्यानं खाली शिरून बघितलं नाही. ती चूक त्याची होती आणि कालपासून ती त्याला खात होती.

“काका, ऐका तरी...”

चोपणं खाली आलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट एकदम मोडलं. मितेश असा ओरडला की टपरीवाल्याच्या हातून किटली पडली.

“अजून तीन हायत,” काळुराम म्हणाला.

मितेशच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. घरी म्हातारी आई, आणि सगळा संसार या एका हातावर. तो हात त्यानं ओढला नाही. डाव्या हातानं त्यानं बाकड्याच्या टोकाला पडलेला वीतभर पाइप पुढे सरकवला.

“मारा. पण आधी हे चाखा.”

“काय?”

“तुमच्या गाडीचाच हाय. आज सकाळी काढला. मागच्या चटईखाली बोटभर थर बसलाय, तिथून गळत गळत ह्याच्यावर. चाखा काका. मग तोडा हात, मी हलणार नाय.”

काळुरामनं चोपणं काखेत धरलं आणि पाइप उचलला. चार महिन्यांपूर्वीचा पाइप, पण मधोमध कुजून फुटलेला. दाबला तसा त्याच्या बोटांत त्याचा भुगा झाला. गंजाच्या कडेनं पांढरी खपली धरली होती. त्यानं ती नखानं खरवडली. वैतागानंच जिभेला लावली, याला एकदाचं खोटं पाडावं म्हणून.

 त्यानं पुन्हा खरवडलं, पुन्हा जिभेला लावलं. खारट चव गेली आणि मागून ती बारीकशी कडवट आली, खाडीच्या वळणावरच्या त्याच्या एकाच वाफ्याला येते ती.

चोपणं काखेतून निसटून जमिनीवर पडलं. मनगटावरची पकड सुटली, तरी मितेशचा हात तिथंच होता, सुजत चाललेला. टपरीवाला हळूहळू दारापर्यंत आला होता. काळुराम जॅकवरच्या गाडीकडे बघत राहिला. सगळी लोखंडाची होती ती.

“माझं हाय,” तो म्हणाला.