जुनी जलमोहिनी

“दिल्लीत संरक्षणमंत्री असशील. ‘जलमोहिनी’ भंगारात काढलीस तर माझा उंबरा चढू नकोस,” चांगुणाबाईंनी कोलंबी सोलता सोलता लेकाला सुनावलं. त्यांच्या नवऱ्याने उभा जन्म त्याच लढाऊ जहाजावर काढला होता.

“आये, तिचं पोट गंजलंय. आत पोरं असतात गं. या बजेटात भांडलो तर नवी मिळेल. पण विरोधक म्हणतात, त्या पैशांत रस्ते करा, जुनीलाच रंग फासा.”

“मग फास!”

दुपारी त्यांचा डोळा लागला. खाडी हळूच अंगणात शिरली. पाण्यावरून जलमोहिनी आली, पांढऱ्या केसांची म्हातारी होऊन. तिच्या पदरातून पाणी झिरपत होतं. “बाई, पोरांना आता कडेवर घेववत नाही,” म्हणत ती ओट्यावर टेकली. चांगुणाबाईंनी तिच्या गुडघ्यांना तेल चोळलं, तर कुरकुर त्यांच्याच गुडघ्यांतून आली.

जाग आली तेव्हा लेक चपला घालत होता.

“जा, भांड. नवी आण,” त्या म्हणाल्या. चपलेत अर्धा पाय घालून तो वळला.

“जुनीला निजू दे आता. पण नवीचं नाव जलमोहिनीच ठेव. आजीचं नाव नातीला ठेवतात, एवढं तरी कळतं ना तुझ्या दिल्लीला?”