दुसरा मास्तर

किनवटकडच्या त्या शाळेत वर्ग चार आणि मास्तर एकच, भागवत गुरुजी. दुसरा मास्तर द्या म्हणून त्यांनी जिल्हा परिषदेचे उंबरे झिजवले, आणि शेवटी वैतागून म्हणाले, "आता मीच निवडून जातो अन् मास्तर घेऊन येतो!" सरकारी नोकरीत राहून निवडणूक लढवता येत नाही, म्हणून साहेबांच्या टेबलावर राजीनामा आपटला आणि फॉर्म भरला. गावाला मात्र वाटलं, गुरुजींनी प्रचारापुरती सुट्टी काढली.

गुरुजी पडले. आजूबाजूच्या गावांनी भरभरून मतं दिली, पण शाळेच्या गावातच बोटांवर मोजण्याइतकी! ज्यांच्या लेकरांची नाकं पुसली, ती माणसं एका मटणाच्या जेवणाला विकली गेली, असं पुटपुटत गुरुजी सामान बांधत होते, तेवढ्यात सरजाबाई दारात आली. तिच्या दोन नाती त्याच शाळेत होत्या.

"गुरुजी, राग धरू नका. तुमाला पाडायचं आमी समद्यांनी पारावर बसून ठरवलं."

"अवो, पण का?"



"तुमी निवडून नांदेडला गेले असते, तर आमच्या लेकरायला कुणी शिकवलं असतं? आता सुट्टी लई झाली, चला, शाळा उघडा. पोरं कवाची वाट पाहून राहिली."