गुळांबा

"लिही रे, गुळांबा!" देवस्थळी साहेब कोल्हापूरच्या शाखेला फोनवर ओरडले. डेटाचा रस्ता ठरवणाऱ्या सर्व्हरच्या राउटिंग इंटरफेसला दोन्ही टोकांना एकच पासवर्ड हवा, म्हणजे परक्या मशीनने दाखवलेला रस्ता सर्व्हर मानत नाही. या टोकाला ऑफिसातल्या मृण्मयीने घाईत सुचला तो शब्द टाकला होता. सगळं ऑफिस हसलं.

पण पाळणाघरातून तिच्या लेकीला न्यायला येणाऱ्याने सांगायचा परवलीचा शब्दही तोच होता! तिने लगेच फोन करून तिथे 'साखरांबा' करवून घेतला, तरी चैन पडेना. अर्धी रजा टाकून ती धावली.

पाळणाघराच्या दारातल्या नव्या मावशींनी विचारलं, "शब्द?"

"गुळांबा!" ती धापा टाकत म्हणाली.

"हा नाही चालत आता, ताई," म्हणत मावशींनी आतून कडी लावली.

बंद दारासमोर मृण्मयीचा जीव भांड्यात पडला.