पाळण्याची दोरी

बाळंतपणाच्या रजेनंतरची ही पहिलीच मोठी मीटिंग, आणि करंजाड्याच्या फ्लॅटमध्ये गीतांजली आणि चार महिन्यांची ईरा, दोघीच. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून गीतांजली लॅपटॉपसमोर बसली.

तासभर ईरा रडली नाही.

"बाळ किती शांत आहे. सांभाळायला कोणी आलंय का?" साहेबांनी विचारलं.

"नाही सर, मीच."

मीटिंग संपली तसा तिचा जीव भांड्यात पडला. मग तिने खाली पाहिलं. अंगठा मोकळा होता. दोरी समोरच्या रिकाम्या खुर्चीपर्यंत ताणलेली होती आणि पाळणा संथ हलत होता. ईरा गाढ झोपली होती.

दुसऱ्या दिवशी गीतांजलीने दोरी अंगठ्याला बांधलीच नाही. खुर्चीवर मऊ उशी ठेवली, उशीवर दोरीचं टोक ठेवलं आणि निर्धास्तपणे लॅपटॉप उघडला.