उशिराचा बोल

नातवाचं पोट लोहाराच्या भात्यासारखं उडत होतं, आणि ठकुबाईनं चुलीत अजून दाभण घातलं नव्हतं.

दारात जमलेल्या बायांना नवल वाटलं. डबा म्हणजे ठकुबाईचं राज्य! महिन्या-दोन महिन्यांच्या लेकराची सर्दी छातीत उतरली, बरगड्या आत ओढायला लागल्या, की चाकणच्या वाड्या-वस्त्यांत म्हणायचे, पोराला डबा झाला. मग ठकुबाई लालबुंद दाभणानं पोटावर डाग द्यायची. पाच गावची पोरं तिच्या दारी यायची. पोर वाचलं तर ठकुबाईचा हातगुण, गेलं तर आईनं उशीर केला. वा रे न्याय! पण त्याला कधी कुणी हरकत घेतली नव्हती.

तानाबाई सगळ्यांच्या मागं उभी होती. गेल्या थंडीत तिचं पोर गेलं होतं, पोटावर तीन डाग घेऊन. त्या दिवशी ती दुपारपर्यंत दुसऱ्याच्या रानात कांद्याच्या लागणीला गेली होती. "लई उशिरा आनलंस गं बाई," ठकुबाई सगळ्यांदेखत म्हणाली, आणि तो बोल गावभर झाला. सासू अजून ताटात भाकरी टाकताना तेच ऐकवायची. तेव्हापासून कुणी तिच्या मांडीवर मूल दिलं नव्हतं. तिचाही त्या बोलावर विश्वास होता. आपणच मारलं पोराला, असं तिनं मनाशी धरलं होतं.

तिला राहवेना. बायांना सारून ती पुढं झाली.

"आत्या, दाभण घालू का चुलीत? उशीर नका करू. माझ्यावानी हुईल!"

"डागबिग काय न्हाई द्यायचा," ठकुबाई खेकसली. "ती धुरीची शेगडी आदी भाईर काढा. पोराचा बाप, माझा जोतीराम, कामावर हाय. दुसऱ्या शिफ्टची बस फाट्यावर यील आत्ता, तिनंच पिंपरीच्या दवाखान्यात न्यायचं. माझं पाय चालत न्हाईत, सून रडून गळालीय. तूच घे पोराला. उभं धर, खांद्याशी. पळ!"

वर्षानं तानाबाईच्या हातात बाळ आलं. ती फाट्याकडं अशी पळाली की पायातली वहाण कुठं राहिली तिला कळलं नाही. छातीशी बाळाचा श्वास सुंईसुंई वाजत होता.

बस कंपनीची. कामगारांशिवाय कुणाला घ्यायची नाही. ड्रायव्हर बबनराव तसा भला माणूस, पण नोकरी जाईल म्हणून भ्यालेला. "बाई, पास न्हाई तर चढता येत न्हाई," तो म्हणाला. "माझ्या पोटावर पाय येईल."

तानाबाई बसपुढं जाऊन उभी राहिली.

"मंग माझ्या अंगावरनं न्या!"

आतले कामगार ओरडायला लागले, "घ्या हो बबनराव, साहेबाला आम्ही सांगतो!" दार उघडलं. तोवर सुनेच्या खांद्यावर भार टाकत ठकुबाई येऊन पोहोचली. पिंपरीपर्यंत म्हातारीनं सूत्रं हातात ठेवली. पदराच्या टोकाची वात करून बाळाचं नाक साफ केलं. सुनेला म्हणाली, "दोन घोट पाज, थांब, मंग परत दोन. दमलंय ते." बाळाचे ओठ निळसर दिसत होते. तानाबाईनं वाटभर त्याच्या छातीवरची नजर काढली नाही.

दवाखान्यात बाळाच्या नाकाशी प्राणवायूची नळी लागली. तासाभरात ओठांवर लाली आली. डॉक्टर बाहेर आले.

"सर्दीच आहे. मोठ्या माणसाची नाकात राहते, एवढ्याशा पोराची छातीत उतरते. चार दिवस ठेवून घेतो, वाचेल. डाग दिला नाहीत, हे फार बरं केलंत. डागानं पोर रडतं, रडून दमतं, आणि जो श्वास उरलेला असतो तोही संपतो. आजी शहाण्या आहेत हो तुमच्या!"

सून हात जोडून आत पळाली. तानाबाईला भरून आलं. गावात कुणाला सुचलं नसतं ते ह्या म्हातारीला सुचलं! ती बाकड्यावर ठकुबाईशेजारी टेकली.

"आत्या, हे सगळं कुनी शिकीवलं तुमास्नी?"

"चाकनच्या नर्सबाईनं." नातू वाचणार म्हटल्यावर म्हातारीची जीभ सैल झाली होती. "दिवाळीला घरी आलती. श्वास मिनिटाला साठाच्या वर गेला, बरगडी आत वढली, दूध तोडलं, की डाग न्हाई, धुरी न्हाई, थेट दवाखाना. चार येळा म्हनून घेतलं माज्याकडनं. डागानं पोरं मरत्यात, म्हनली."

"यंदाच्या दिवाळीला आलती व्हय?"

"न्हाई गं, गेल्या सालच्या."

तानाबाई बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत गेली. कार्तिक, मार्गशीर्ष, पौष. पुन्हा एकदा फिरवला. तेवढेच आले.

"माजा बाळ त्याच पौषात गेला," ती म्हणाली. "मंग त्याला डाग का दिला, आत्या?"

ठकुबाईनं नातू होता त्या खोलीच्या दाराकडं पाहिलं. आवाज खाली आला.

"सगळ्या गावादेखत आनला व्हता तुमी. न्हाई म्हनले असते, तर दुसऱ्या दिशी माज्या दारी कोन आलं असतं, पोरी?"